लगीन झाल्यापासून ताप

आमच्या विभागात वैद्यकीय मानवशास्त्राची एक जागा निघावी म्हणून मी तीन वर्षं भांडले. विनंती केली असं लिहिलं तर ते खोटं होईल, भांडलेच. मी सामुदायिक वैद्यकशास्त्राची विभागप्रमुख. आजार शरीरात होतो, पण माणूस तो आपल्या बोलीत सांगतो. ती बोली आमच्या डॉक्टर मुलांच्या कानात शिरत नाही. ती ऐकायला शिकवणारं कोणीतरी हवं, एवढंच माझं म्हणणं. ते मी इतक्या बैठकांत मांडलं की मी आत शिरले की अधिष्ठाता हसून म्हणायचे, "आल्या आमच्या भाषावाल्या मॅडम." शेवटी माझी कटकट थांबावी म्हणून असेल, जागा मंजूर झाली. सहायक प्राध्यापक, पद एक. आमच्या नगर जिल्ह्यात या विषयाची ही पहिलीच जागा होती, आणि माझ्या हयातीत तरी दुसरी निघेल असं मला वाटत नव्हतं.

आस्थापना विभागातल्या भाऊसाहेबांनी फाईल उलटीसुलटी करून पाहिली. "मॅडम, हे येऊन पेशंटला नक्की काय देणार?"

"काही देणार नाहीत. ऐकणार."

"ऐकायला पगारी माणूस?" असं म्हणून त्यांनी शिक्का मारला.

जाहिरात निघाली आणि अर्ज आले ते बघून मी कपाळाला हात लावला. एकानं शरीररचनाशास्त्राची पदवी जोडली होती, एकानं मानवी हक्कांची पदविका, आणि श्रीरामपूरच्या एका गृहस्थांनी हस्तरेषांच्या अभ्यासाचं प्रमाणपत्र. छाननीत हे सगळे गळाले आणि मुलाखतीला दोघंच उरले. एक पुण्याचे डॉक्टर, एमडी, कागदपत्रं चोख, बोलणं गुळगुळीत. दुसरी अकोले तालुक्यातली बाई. डोंगरातल्या गावातली, मानवशास्त्रात पीएचडी केलेली, आणि आठ वर्षं एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारी. म्हणजे दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करायचा आणि दर एप्रिलमध्ये घरी बसायचं. आमच्या संस्थेच्या नियमाप्रमाणे या पदाला वयाची अट चाळीस. तिला चाळिसावं संपायला दोन महिने होते. हे तिच्या अर्जावर तारखेसकट होतं आणि निवड समितीत बसलेल्या आम्हां सगळ्यांना माहीत होतं.

मी तिला आधी एकदाच भेटले होते. पीएचडीच्या वेळी आमच्या विभागातले जुने सर्वेक्षणाचे फॉर्म बघायला तिनं परवानगी मागितली होती. मी अर्ज न वाचताच सही केली. रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात पडलेले गठ्ठे कोणाला हवेत याचंच मला कौतुक वाटलं होतं.

मुलाखतीआधी प्रत्येकानं वीस मिनिटांचं पाठाचं सादरीकरण करायचं होतं. पुण्याच्या डॉक्टरांचं झालं, छान झालं, आणि दुसऱ्या मिनिटाला मी विसरले. मग ती उभी राहिली. साधी सुती साडी, पदर खोचलेला, हातात कागद नाही. समोर बाहेरून आलेले अध्यक्ष, आमचे अधिष्ठाता, एक विषयतज्ज्ञ आणि मी.

"मी आज एकाच शब्दाबद्दल बोलणार आहे," ती म्हणाली. "ताप."

अध्यक्षांनी चष्मा वर केला. तिनं पडद्यावर एक फॉर्म दाखवला. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही तरुण बायकांच्या मृत्यूंचं सर्वेक्षण केलं होतं. घरोघर जायचं, घरच्यांना ठरलेले प्रश्न विचारायचे, होय-नाही लिहायचं आणि उत्तरांवरून मृत्यूचं कारण ठरवायचं. हा त्यातला एक फॉर्म. मयत बाईचं नाव, गाव आणि खाली फॉर्म भरणाऱ्याची सही, या तिन्ही गोष्टी तिनं झाकल्या होत्या.

सही झाकून काय होणार! मी हिरव्या शाईनं लिहायचे. वडिलांच्या शाळेत हेडमास्तर तेवढे हिरव्या शाईनं लिहायचे, म्हणून नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी हिरव्या शाईची दौत आणली होती. पडद्यावरचं ते हिरवं, उजवीकडे झुकलेलं अक्षर माझं होतं. हे कळायला मला एक क्षणही लागला नाही.

ती वाचायला लागली. फॉर्मवर छापलेला प्रश्न, मग माझी खूण, आणि मग शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलेलं मयत मुलीच्या आईचं बोलणं. बोलणं जसंच्या तसं टिपायचा मला तेव्हा अभिमान होता. बरोबरची मंडळी हसायची, म्हणायची, "मॅडम, एवढं कुठं लिहीत बसता?"

ताप होता का? होय. शेरा: "लई ताप हुता, बाई, माज्या लेकीला."

कधीपासून? सांगता येत नाही. शेरा: "लगीन झाल्यापासून."

थंडी वाजत होती का? होय. शेरा: "अंगावर पांगराया नसल्यावर थंडी वाजनारच की."

भूक? मंदावलेली. शेरा: "दिलं तर खाईल ना."

आणि सगळ्यात खाली, चौकटीत, मृत्यूचं संभाव्य कारण. हिवताप.

तिनं आवाज चढवला नाही, कोणाला दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "डॉक्टरनं ऐकलं, लिहूनही घेतलं. फक्त ताप म्हटल्यावर डॉक्टरला थर्मामीटरचा ताप आठवला. आईला सासरचा ताप सांगायचा होता. आपण सगळेच रोज म्हणतो की, डोक्याला ताप, जिवाला ताप. पण हातात फॉर्म आला की त्या शब्दाचा एकच अर्थ उरतो."

मग तिनं पुढचं सांगितलं. फॉर्मवरच्या गावात ती गेली होती. आई अजून होती. मुलगी खाली बागायतीतल्या गावात दिलेली. उसाचं शिवार, पण हिला खोलीत कोंडून ठेवायचे, जेवायला द्यायचे नाहीत, मारायचे. हाडांचा सापळा होऊन माहेरी आली आणि वीस दिवसांत गेली. बाप म्हणाला, बभ्रा नको. आई गप्प बसली. पण एक दिवस आरोग्य केंद्राची जीप आली, डॉक्टरीणबाई उतरल्या, ओट्यावर बसून त्यांनी सगळं विचारलं आणि लिहून घेतलं. आईला वाटलं, झालं, आपलं गाऱ्हाणं पोचलं. पोलिसांत जायची गरज उरली नाही. महिन्याभरानं गावात धूर फवारणारी माणसं आली, हिवतापाचे डास मारायला. आईला काही कळेना. धूर आपल्या गावात कशाला? माणसं तर लेकीच्या सासरी जायला हवी होती.

मला तो ओटा आठवत होता. त्या बाईचा चेहरा आठवत नव्हता. तिनं मला पाणी दिलं होतं, आणि मी ते उकळलेलं नसेल म्हणून प्याले नव्हते, एवढं आठवत होतं. लाजेनं माझे कान तापले.

अध्यक्ष मोठे गृहस्थ होते, पण स्वतःच्या घरात कोणी चूक दाखवली की जसे घरातले वडीलधारे बिथरतात तसे बिथरले. घर खरं म्हणजे त्यांचं नव्हतंच, ते बाहेरून आलेले. "हा फॉर्म कोणी भरलेला आहे?" त्यांनी विचारलं.

"नाव नाही सांगणार, सर. मयताचंही नाही, डॉक्टरांचंही नाही. परवानगी घेताना तसं लिहून दिलंय मी."

"मग तो खरा कशावरून? चार ओळी कोणीही लिहील. इतकं सोयीचं बोलणं, आणि नेमकं शेऱ्यात?" त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "मॅडम, विभाग तुमचा. तुमच्याकडचा डॉक्टर हे ऐकून खाली हिवताप लिहील?"

पंचवीस वर्षं मी मुलांना फॉर्म भरायला शिकवते आहे. पेशंटचा शब्द पकडा, असं प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते. ही जागासुद्धा मी त्याच जोरावर मागितली होती. आणि तिथं, बाहेरच्या माणसासमोर, माझ्याच अधिष्ठात्यांसमोर, ते हिरवं अक्षर माझं आहे असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

"तपासून बघावं लागेल," मी म्हणाले.

कचेरीत ज्यांना काही करायचं नसतं ते हे वाक्य म्हणतात. मी आयुष्यभर त्या वाक्याचा राग राग केला. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, मान हलवली आणि पडदा बंद केला. पुढच्या प्रश्नांची उत्तरं तिनं दिली, पण तिचा आवाज बारीक झाला होता.

तिच्या गुणपत्रकावर अध्यक्षांनी लिहिलं, मांडणी प्रभावी, पुराव्याची विश्वासार्हता संशयास्पद. खाली चौघांच्या सह्या. माझीही आहे. पुण्याच्या डॉक्टरांची निवड झाली.

त्या दिवशी सावेडीला घरी आले ती जेवले नाही. नवरा म्हणाला, बरं नाही का? मी त्याच्यावर खेकसले. दुसऱ्या दिवशी सकाळी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन गठ्ठा काढला. कशाला काढला कोण जाणे, तपासायचं काय होतं? फॉर्म जिथल्या तिथं होता. सहीखाली माझं नाव होतं, लग्नाआधीच्या आडनावासकट. तो घेऊन मी तडक अधिष्ठात्यांकडे गेले आणि सांगितलं, हे अक्षर माझं आहे, त्या बाईनं एक शब्द खोटा सांगितलेला नाही, निवड पुन्हा करा.

त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. माणूस वाईट नाही. "इतिवृत्तावर सह्या झाल्या, मॅडम. आदेश टाईपला गेला. काल बोलला असता तर गोष्ट वेगळी होती." मग चहा माझ्याकडे सरकवत म्हणाले, "आणि आता कशाला अंगावर ओढून घेता?"

मी अध्यक्षांना पत्र लिहिलं. पोच आली, उत्तर नाही. कुलसचिवांना भेटले. त्यांनी नियम वाचून दाखवला. या सगळ्यात दोन महिने गेले आणि तिची चाळिशी उलटली.

तेव्हा कुठं मी तिला फोन केला. आधी करायला हवा होता, पण हातात काहीतरी घेऊन फोन करावा असं मनात होतं, आणि हातात काही आलंच नाही. "ते अक्षर माझं होतं," मी म्हणाले.

"माहीत होतं, मॅडम. सही होती ना."

"मग माझाच फॉर्म का घेतलात? माझ्यासमोर?"

"पाचेकशे फॉर्म बघितले मी. बाकीच्यांनी शेऱ्याचा रकाना मोकळाच सोडलाय. बायका काय बोलल्या ते फक्त तुमच्या फॉर्मवर आहे. म्हणून तर विषय मांडता आला." मग म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही ओळखाल आणि सांगाल. तुम्हीच जागा मागितली होती असं ऐकलं होतं मी."

मी माफी मागितली. रडले. फोनवर रडणारी बाई मला स्वतःला आवडत नाही, पण रडले. तिनं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "माझं जे व्हायचं ते झालं, मॅडम. तुम्हाला सांगायचंच असेल तर त्या मुलीच्या आईला, मावशीला सांगा. ती अजून वाट बघते."

भातकापणीच्या दिवसांत मी गेले. नगरहून अकोल्यापर्यंत एसटीनं, पुढं जीप. मला मावशीकडे न्यायला ती स्टँडवर उभी होती. यंदा महाविद्यालयानं तिला तासिकाही दिल्या नव्हत्या, वर्गात मुलंच नाहीत म्हणून. भावाच्या शेतात कापणी करत होती. हात भाताच्या पात्यांनी चिरले होते. वाटेत आम्ही फार बोललो नाही. जीपमध्ये दहा माणसं होती आणि बोलण्यासारखं होतं ते दहा माणसांत बोलण्यासारखं नव्हतं.

मावशी खळ्यावर सुपानं भात पाखडत बसली होती. सत्तरीची, काटक, डोळे स्वच्छ. "मावशी, वळखलं का ह्यास्नी?" तिनं विचारलं.

म्हातारीनं सूप थांबवलं. "डॉक्टरीनबाई न्हवं? तवा केसं काळी हुती." आणि मग, जणू मी गेल्या हंगामात यायची ती या हंगामात आले, अशा सुरात म्हणाली, "लई येळ लावला यायला."

मी पाठ करून आले होते. एसटीत चार तास तेच घोकत होते. ते सगळं तिथं विसरले. "मावशी, मी तेव्हा चुकीचं लिहिलं," मी म्हणाले.

"काय लिवलंत?"

"ताप. तिला ताप होता असं लिहिलं."

"मंग?" ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. "बरोबर लिवलंत की. तापच हुता."

"तो ताप नाही, मावशी. मी आजाराचा ताप लिहिला. हिवताप. सासरच्यांनी छळलं, उपाशी ठेवलं, ते मला कळलंच नाही. ते मी कुठंच लिहिलं नाही. म्हणून तिकडं कोणी गेलं नाही, कोणी काही विचारलं नाही. माझी चूक झाली."

माझ्या बरोबर आलेली खाली मातीकडे बघत होती. म्हातारीनं माझं सगळं ऐकलं. मग तिनं माझा हात हातात घेतला, आणि तिलाच मला धीर द्यायचा असल्यासारखं थोपटलं. "सरकारी काम हाय, बाई. येळ लागतोच. तुमी तरी काय करनार? लिवलंया न्हवं, मंग जाईल कदी तरी कोनी."

मी पुन्हा समजावून सांगायला लागले, आणि माझं मलाच कळलं की मी आता तिच्यासाठी बोलत नाहीये. मी थांबले. तिनं आम्हाला पाणी दिलं. मी प्याले, तांब्या रिकामा केला.

मग म्हातारी माझ्या सोबतिणीकडं वळली. "आन तुजी नोकरी गं? त्या मोठ्या कालीजात जानार हुतीस न्हवं? झाली का?"

"न्हाई झाली, मावशी."

"का म्हनून?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी तिथं असताना ती काय सांगणार होती? "दुसऱ्याला घेतलं," ती म्हणाली.

"आसं कसं? आन तू गप बसलीस?" म्हातारी खरोखर चिडली. तिनं सूप बाजूला सारलं आणि माझ्याकडं बोट केलं. "ह्या बाईस्नी सांग की. मोठ्या हायेत त्या. समदं सांग त्यास्नी. लिवून घेतील."

आणि ती हात पुसून, मांडी घालून, मी वही काढायची वाट बघत बसली.